दिल्लीला पाठवलेला अर्ज

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, राष्ट्राध्यक्षांना वाटलं तर ते कोणालाही माफ करू शकतात?" तुमच्या तिकडच्या बातम्यांत तसलं काही चाललं असावं. मी "हो" म्हणाले आणि विषय बदलला. ते उत्तर अर्धं होतं. उरलेलं इथे लिहिते. आईकडून वाचून घ्या.

पूनम सागर कॉम्प्लेक्समधल्या आपल्या घरी भाईंदर पूर्वेहून पोळ्या करायला येणारी बाई तुम्हाला आठवत असेल. कणकेची चिमणी करून द्यायची ती. तिचा धाकटा भाऊ जन्मठेप भोगत होता. मराठवाड्यात त्यांच्या गावी पाण्यावरून भांडण झालं, त्याने समोरच्याच्या डोक्यात पहार घातली आणि तो माणूस मेला. भाऊ सरकारी खात्यात ड्रायव्हर होता, ती नोकरीही गेली. बरीच वर्षं आत काढली होती त्याने. म्हातारी आई थकून लेकीकडे राहायला आली होती. पोरगा सुटून दारात उभा राहिलेला बघायचा, एवढंच तिचं मागणं होतं.

एक दिवस पोळ्या आटोपल्यावर बाईने पिशवीतून रेघांचा एक कागद काढला. भावाने तुरुंगात स्वतः लिहिलेला दयेचा अर्ज. खाली त्याची सही होती आणि सहीखाली आईचा निळा अंगठा.

"आजी, एकदा नजर टाका. पुढच्या भेटीला त्याला परत द्यायचाय. तिथले साहेब वर पाठवतेत."

"वर कोणाला?"

"राज्यपालांना म्हणे."

मी फोर्टमधल्या एका कंपनीत तीस वर्षं साहेबांची सेक्रेटरी होते. तिथे एक गोष्ट अंगात मुरली होती. खालच्या टेबलावर गेलेलं पत्र पडून राहतं, चेअरमनच्या नावाने लिहिलं की हलतं. मी म्हणाले, "राज्यपाल कशाला? थेट राष्ट्रपतींना लिहू. चांगल्या इंग्रजीत. हा कागद माझ्याकडे राहू दे, कच्चा म्हणून."

"तिथं लवकर होईल ना पण? आईचं काही खरं नाही हो."

"लवकरच होईल."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. मी त्या कागदाला पंचाने दोन भोकं पाडून तो फायलीत लावला. कुठलाही कागद आधी फायलीत, ही माझी सवय तुम्हाला ठाऊक आहेच. मग तीन आठवडे घोळवून दोन पानी पत्र तयार केलं. भावाने लिहिलं होतं, "माझ्या हातून माणूस मेला. त्याच्या बायकोची मी माफी मागतो." ते वाक्य मी गाळलं. गुन्हा कबूल केला तर दया कशी मिळणार, असं मला वाटलं. दया मागायची ती मुळात केलेल्या गुन्ह्यासाठीच, हे डोक्यातच आलं नाही.

कित्येक महिन्यांनी दिल्लीहून पाकीट आलं. मी पेढे आणले. बाईने ते पाकीट घरी नेऊन आईच्या हातात दिलं. म्हातारीने अर्धा पेढा खाल्ला आणि अर्धा पोरासाठी डब्यात ठेवला.

तळमजल्यावर कोर्टातले एक निवृत्त शिरस्तेदार राहतात. दुसऱ्या दिवशी बाईने पाकीट परत आणलं, तेव्हा त्यांनाही पेढा दिला. त्यांनी पत्र मागितलं आणि चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.

"वहिनी, पेढा फर्स्ट क्लास आहे. पण ही नुसती पोच आहे. अर्ज योग्य कार्यवाहीसाठी राज्य सरकारकडे पाठवला, एवढंच लिहिलंय."

"म्हणजे राष्ट्रपतींनी शिफारस केली ना?"

"म्हणजे तुमचं टपाल पुढे पाठवलं. फाशी असेल, लष्करी कोर्टाची शिक्षा असेल, केंद्राच्या अखत्यारीतला गुन्हा असेल, तर राष्ट्रपती. असल्या खुनातली जन्मठेप राज्यपालांकडे जाते. आणि तेसुद्धा मनाला येईल तसं करत नाहीत, मंत्रिमंडळाचा सल्ला लागतो. तुरुंगातून सरळ अर्ज का नाही केला त्याने?"

तो अर्ज दोन मजले वर माझ्या कपाटात होता. आणि शिरस्तेदार खालीच राहत असून मी त्यांना आधी विचारलं नव्हतं, कारण कोर्टातला कारकून मला काय पत्र लिहायला शिकवणार.

बाईला सांगितलं तेव्हा ती परातीत पीठ मळत होती. हात थांबले नाहीत. एवढंच म्हणाली, "मग आता त्याला परत लिहायला सांगते."

त्याने परत लिहिलं. तो अर्ज योग्य वाटेने निघाला. पण म्हातारी त्या दिवाळीनंतर गेली. भाऊ आला तो पोलिसांबरोबर, काही तासांपुरता, आईला पोचवायला. त्यानंतर वर्षभराने त्याची उरलेली शिक्षा माफ झाल्याचा हुकूम आला.

नोकरी परत मिळेल अशी त्याची समजूत होती. शिरस्तेदारांनी त्याला समजावलं, "शिक्षा माफ झाली बाबा, दोष तसाच आहे. दोषही पुसायला पूर्ण क्षमा लागते, ती तुला मिळालेली नाही." आता तो हाटकेशच्या कारखान्यांच्या वस्तीत एका गाळ्यात खोकी बांधतो.

सुटल्यावर तो बहिणीबरोबर माझ्याकडे आला. मी बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. तो दारातच उभा राहिला.

"अरे, आत ये. बस ना."

"बसत नाही, आजी. माझा पहिला कागद तुमच्याकडे आहे ना? आईचा अंगठा त्याच्यावरच आहे. दुसरा तुरुंगातूनच परस्पर गेला."

"चहा तरी घे," मी म्हणाले.

"अहो आजी, आधी कागद द्या त्याला," बाई म्हणाली.

मी फाइल उघडून कागद काढला. त्याने तो उजेडाकडे धरला. माझ्या पंचाचं खालचं भोक अंगठ्याच्या कडेवरच पडलं होतं. त्या भोकातून पलीकडची खिडकी दिसत होती. त्याने तिथे एकदा बोट ठेवलं, कागदाची घडी घालून खिशात टाकला आणि बहिणीला म्हणाला, "चल."

माझ्या इंग्रजी पत्राची प्रत अजून फायलीत आहे. ती त्याने मागितली नाही.