चकवेवाली

समजा, तुमच्यासमोर एक इंग्रजी वाक्य ठेवलंय. 'नायदर ऑफ द कीज', पुढे रिकामी जागा, आणि मग 'द डोअर'. दोन्हींपैकी एकाही किल्लीने दार उघडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बरोबर उत्तर आधीच लिहून ठेवलेलं आहे: 'ओपन्स'. ते शोधायचं काम तुमचं नाहीच. तुम्हाला त्याच्या शेजारी तीन चुकीची उत्तरं बसवायची आहेत, आणि तीसुद्धा अशी की परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाने ती वाचली की म्हणावं, अरे, हेच तर!

करून बघा. पहिलं सुचेल 'ओपन', कारण 'कीज' अनेकवचनी दिसतं. ठीक. दुसरं 'डझन्ट ओपन', कारण आपल्या भाषेत 'एकही' म्हटलं की पाठोपाठ 'नाही' आल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. हे तर सोन्यासारखं. पण तिसरं? तिसऱ्याला घाम फुटतो. 'ओपनिंग' लिहावं तर शेंबडं पोरही फसणार नाही. आणि ज्याला कुणी फसत नाही ते चुकीचं उत्तर फुकट.

ती हे काम दिवसभर करायची. परदेशी विद्यापीठांत प्रवेश घ्यायला जी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, तिचे सराव प्रश्न बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती नोकरीला होती. बरोबर वाक्य सर लिहायचे. सर म्हणजे मालक, आधी शाळेत इंग्रजी शिकवायचे. चुकीचे पर्याय ती लिहायची. ऑफिसात त्या पर्यायांना 'चकवे' म्हणत आणि तिला 'चकवेवाली'. तिचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरची एक लांबट खोली. खालून रबराचा वास वर यायचा आणि वरचा पंखा तो नीट ढवळून सगळ्यांना सारखा वाटायचा. खिडकी होती, पण शेजारच्या इमारतीने आपलं एसीचं खोकं नेमकं तिच्यासमोर टांगलेलं, त्यामुळे ती वीतभर उघडून थांबायची. तिचं टेबल त्या खिडकीशी. पलीकडच्या टेबलावर आकडेवाला बसायचा. मुलं मोबाइलवर सराव करायची आणि कुठल्या चकव्याला किती जण फसले ते त्याच्या स्क्रीनवर उमटायचं. सकाळी आल्या आल्या तो तिला बातमी द्यायचा.

"चकवेवाली, तुझा किल्लीवाला जोरात आहे. अर्धी जनता गळाला लागली."

"आणि तिसरा?"

"तिसरा वारला. श्रद्धांजली."

ही नोकरी तिला मिळाली तीच मुळी वाईट इंग्रजीमुळे. पाण्याच्या शुद्धीकरणाचा डिप्लोमा करून ती वर्षभर घरी बसली होती, तेव्हा इथे अर्ज केला. सरांनी एक पेपर सोडवायला दिला. तिने त्यात इतक्या चुका केल्या की तपासताना सरांचे डोळे चमकायला लागले. "बाळ," ते म्हणाले, "तू अगदी आमच्या मुलांसारखी चुकतेस. हे शिकवून येत नाही." तिला ते कौतुक आहे की अपमान, हे घरी जाईपर्यंत ठरवता आलं नाही. जिना चढताना ठरलं की नोकरी आहे, म्हणजे कौतुक.

पण पाणी काही तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. कुठलीही टाकी दिसली की ती झाकण उचलून आत डोकवायची; वहिनी त्यावरून तिची टर उडवायची. एका दूरच्या विद्यापीठात पाण्याच्या शुद्धीकरणाचा पुढचा अभ्यासक्रम होता. तिने अर्ज केला आणि जागा मिळाली, पण अटीवर. प्रवेश बंद व्हायच्या आत तीच इंग्रजीची परीक्षा पास व्हायची, आणि व्याकरणाच्या भागात त्यांनी ठरवलेले गुण मिळवायचे. हो, तीच परीक्षा, जिचे चकवे ती बनवायची.

पहिल्यांदा ती हसत गेली. घरचं कार्य असल्यासारखी. निकाल आला तेव्हा बाकी सगळं पार होतं आणि नेमकं व्याकरण बुडालेलं.

"चोराच्या घरी चोरी झाली की गं," दादा म्हणाला. दादा म्हणजे थोरला भाऊ. लिफ्ट दुरुस्त करायचा. बोलताना समोरच्याच्या तोंडापेक्षा हाताकडे जास्त बघायचा.

"हसू नकोस. प्रवेश बंद व्हायच्या आत एकदाच बसता येईल आता."

"मग बस. माझ्यासमोर सोडव. बघू दे कुठे अडकतेस."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"इंग्रजी नाही कळणार. अडकलेलं कळतं मला."

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती सोडवायला बसली. वहिनी एका टोकाला भाजी निवडत होती, दादा समोर चहा पीत होता. त्याने कप रिकामा केला. मग म्हणाला, "तू वाक्य वाचतच नाहीयेस."

"काहीतरीच!"

"अगं, तुझे डोळे आधी खाली जातात. चारही उत्तरं चाटूनपुसून झाली की मग वर येतेस. तेही आल्यासारखं करतेस."

ती चिडली. मग पुढचा प्रश्न सोडवताना तिने स्वतःला पकडलं आणि तिचे कान गरम झाले. खरंच होतं. ती प्रश्न सोडवत नव्हती. चकवे ओळखत होती. हा पर्याय कुणासाठी लावलाय, हा कुठल्या घाईसाठी, हा कुठल्या भाषेतून आलाय, आणि म्हणून उरलेला तो बरोबर. स्वतःच्या ऑफिसातल्या प्रश्नांवर ही युक्ती कधी चुकली नसती, कारण तिथली फसवण्याची खोड तिचीच होती. पण खरी परीक्षा बनवणारी माणसं वेगळी. ती कुठल्या तरी दुसऱ्या खोलीत बसून, दुसऱ्याच लोकांना डोळ्यांसमोर ठेवून फसवत होती. तिथे तिने ज्याला हुशार चकवा समजून बाजूला सारलं, ते कितीतरी वेळा साधं, सरळ, बरोबर उत्तर निघायचं.

दादाने हात पुढे केला आणि चारही पर्यायांवर पंजा ठेवला. ग्रीस कितीही धुतलं तरी त्याच्या बोटांच्या रेघांत उरायचंच. "आता सांग. रिकाम्या जागी काय येईल?"

तिने वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. एकदम उघड्यावर आल्यासारखं वाटलं. मग भीत भीत एक शब्द बोलली. दादाने पंजा उचलला. तो शब्द तिथे होता, आणि बरोबर होता.

"जमतंय की," वहिनी म्हणाली. "पेपरला मात्र डाग पाडलास हं तू."

त्या दिवसापासून घरी पंजा सुरू झाला. दादा नसला तर स्वतःचा. हळूहळू वाक्यं तिच्याशी बोलायला लागली. आणि इकडे ऑफिसात चकवे मरायला लागले.

आधी एक, मग रोज. आकडेवाला श्रद्धांजली म्हणायचा बंद झाला, त्यावरून तिला कळलं की प्रकरण गंभीर आहे. सरांनी तिला आपल्या टेबलाशी बोलावलं आणि खुर्ची दिली. एरवी ते खुर्ची देत नसत.

"तब्येत बरी आहे ना?"

"हो सर."

"मग हे काय?" त्यांनी स्क्रीन वळवला. "एकही मूल फसत नाही. हे बघ, हे तू लिहिलंयस? असं कोण बोलतं? चूक अशी मुद्दाम केल्यासारखी नको. पोटातून यायला हवी."

तिने स्क्रीनवरचं आपलंच वाक्य पुन्हा वाचलं.

"इंग्रजी बिंग्रजी वाचायला लागलीस का काय?"

"नाही सर," ती खोटंच म्हणाली.

"वाचू नकोस," सर अगदी मायेने म्हणाले. मायेने म्हणाले म्हणूनच ते तिला जास्त लागलं. "तुझ्यासारखी चूक करणारं माणूस मला कुठे मिळणार? विचार करू नकोस. मनात येईल ते मोठ्याने बोल आणि लिहून काढ. पूर्वीसारखं. महिनाभर बघू."

मग तिच्या दिवसाचे दोन तुकडे झाले. दिवसा जीभ सैल सोडायची. 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' असं खिडकीकडे तोंड करून बडबडायचं आणि त्यातलं काय बरं वाकडं निघतं ते टिपायचं. संध्याकाळी घरी येऊन तीच जीभ सरळ करायची. कधी कधी बसमध्येच घोटाळा व्हायचा: आपण आता घरच्या बाजूला आहोत की ऑफिसच्या? एकदा शेजारी बसलेल्या बाई फोनवर इंग्रजीत काहीतरी चुकल्या, आणि तिने आनंदाने पेन काढलं. मग तिला वाटलं, नाही, ही चूक विसरायला हवी. पेन तसंच हातात राहिलं. ऑफिसात पगारासाठी जे हवं होतं तेच तिला इथे कोंडून ठेवत होतं. आणि बाहेर पडायचा रस्ता जितका साफ होत होता, तितका पायाखालचा पगार खचत होता. परीक्षा बुडाली आणि चकवेही गेले, तर काय राहिलं?

परीक्षेच्या हॉलमध्ये दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याच्या भिंती लावलेल्या खुर्च्या होत्या. तिने पहिलं वाक्य आलं तसा पंजा उचलून स्क्रीनच्या खालच्या अर्ध्यावर धरला. वाक्य वाचलं, शब्द ठरवला, हात काढला, दाबलं. छान चाललं होतं. तेवढ्यात पर्यवेक्षक बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, स्क्रीनला हात लावायचा नाही."

"लावला नाहीये. नुसता समोर धरलाय."

"काय लपवताय?"

"उत्तरं."

"कुणापासून?"

"माझ्यापासून."

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं लिफ्टमध्ये अडकलेला माणूस गाणं म्हणायला लागला तर बघावं. "हात खाली," त्या म्हणाल्या, आणि जाता जाता आणखी एकदा वळून बघितलं.

हात खाली गेला. डोळे तिचेच होते. ते सुटलेल्या चेंडूसारखे खाली घरंगळायला लागले. तेव्हा तिने पापण्यांनाच पंजा केलं. वाक्य आलं की फक्त वरची ओळ वाचायची, डोळे घट्ट मिटायचे, काळोखात शब्द बसवायचा, मगच उघडायचे. हे जमलं. पण याला वेळ लागत होता. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ लाल झालं तेव्हा बरेच प्रश्न शिल्लक होते, आणि मग तिने डोळे मिटणं सोडून दिलं. जुन्या सवयीने धडाधड चकवे हेरत ती शेवटापर्यंत पळाली. त्यातल्या एका ठिकाणी चारही पर्याय इतके देखणे होते की बनवणाऱ्याला मनातल्या मनात दाद दिल्याशिवाय तिला राहवलं नाही.

निकाल आला तेव्हा ती ऑफिसात होती. फोन टेबलाखाली धरून तिने तो बघितला. व्याकरणात हवे होते तेवढेच गुण, त्यावर एकही नाही. जीव भांड्यात पडला, पण आवाज न करता. कारण समोरच सर एका नव्या मुलीला पेपर सोडवायला देत होते. मुलगी पेन चावत होती, आणि सरांचे डोळे चमकायला लागले होते.

घरी वहिनीने मिठी मारली, दादाने पाठीत धपाटा घातला. मग विद्यापीठाचा मेल उघडला. जागा पक्की आहे, फक्त आपण येत असल्याचं आजच एका वाक्यात कळवा, असं त्यात लिहिलं होतं.

"लिही की मग," दादा म्हणाला.

ती बसली. वर वाक्य नव्हतं, खाली पर्याय नव्हते. सगळी पांढरी जागाच रिकामी. तिने एक ओळ लिहिली. वाचली. बरी वाटली. मग शंका आली, की ही आपल्याला घरच्या जिभेने सुचली की ऑफिसच्या? त्या शेवटच्या प्रश्नांसारखंच. ते तिला येत होते म्हणून बरोबर आले, की नुसते हेरता आले म्हणून, हे गुणांवरून कळायला काही मार्ग नव्हता. तिने ओळ खोडली, दुसरी लिहिली. तीही बरी वाटली. पहिली पुन्हा लिहिली. चहा गार झाला.

"एवढं काय त्यात?" दादाने स्क्रीनमध्ये डोकं घातलं. "येते म्हणायचंय ना फक्त?"

"तेच लिहिलंय."

"मग दाब."

"थांब जरा."

"कशासाठी थांबू? बरोबर आहे की चूक, ते तरी सांग."

तिने पुन्हा वरपासून वाचलं. बोट बटणावर ठेवलं आणि तिथेच राहू दिलं.

"दादा," ती म्हणाली, "चुकलं असेल तर ते लोक मला सांगतील ना रे?"