नऊची बेरीज

रविवारी आई शिरपूरहून आमच्याकडे नवागामला आली, मोतीबिंदू दाखवायला. आल्यापासून जरा फुगलेलीच होती... मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल.

आमच्या ह्यांचं पलसाण्याला कापड रंगवून द्यायचं, डाईंगचं जॉबवर्क आहे. मोबाईल नंबरची टोटल नऊ यायला हवी, हे खूळ इकडे धंद्यातल्या सगळ्यांनाच! दिवाळीत ह्यांनी माझाही जुना नंबर बंद करून नऊवाला घेतला.

आईला फोनमधली नावं वाचता येत नाहीत, ती नंबर पाठ करून एकेक आकडा दाबते. मी पडले गणिताच्या ट्यूशन घेणारी, शहाणपण सुचलंच... म्हटलं, सगळ्या आकड्यांची बेरीज कर, आलेल्या आकड्यांची पुन्हा कर. शेवटी नऊ आले की समज, नंबर बरोबर.

काल चहा पिताना मी सहज म्हटलं, "तू स्वतःहून कधी फोनच करत नाहीस गं!"

झालं, पारा चढला. "मी करस ना! तूच उचलस नही." लगेच तिनं नंबर दाबला, बोटांवर बेरीज केली आणि फोन माझ्यापुढे धरला. "देख, नऊच येतस ना?"

तिकडे रिंग जात होती... आणि माझा फोन टेबलावर गप्प पडलेला.

स्क्रीन पाहिली तर मधल्या चार-सातचे सात-चार झालेले! बेरजेला काय फरक पडतोय त्यानं? आकडे कसेही फिरवा, बेरीज तीच, नऊनं भागही तसाच जातो. शेजारचे आकडे उलटे झाले तर एकाआड एक आकड्यांची, अकराची कसोटी ती चूक पकडते, हे मी पोरांना घसा फोडून सांगते... आणि आईला सोपी तेवढीच शिकवली.

मी कॉल कट केला. "आई, मावशीच्या वेळी...?"

आईनं पदर डोळ्यांना लावला.

या मावशीकडे राहून मी बारावी केली. होळीच्या आधी ती दोन दिवसांच्या तापानं गेली. घरात सगळ्यांची धावपळ, मला कळवायचं काम आईकडे होतं. मावशी सारखी म्हणत होती, पोरीचा आवाज ऐकवा... आणि आई नऊची खात्री करकरून फोन न उचलणाऱ्या कुणा परक्यालाच लावत राहिली.

वेळेवर कळवलं नाही म्हणून मी मनात धरलं होतं. मी उचलला नाही म्हणून तिनं. एकीनं जरी तोंड उघडलं असतं ना...

आज एका बटणावर माझा नंबर लावून दिला, दाबून धरलं की झालं. आईनं लगेच करून पाहिलं. समोरच बसले होते, तरी उचलला. "बोल आई."

"काही नही... आवाज आयकना व्हता."

मावशीलाही तेवढंच हवं होतं.