आईनं मीठ सोडलं

आमची आई तानुबाई, वालूरची, कुणाच्या बापाला भ्याली न्हाई. भ्याली ती फक्त लकव्याला. तिच्या आईची, केशरआजीची, अर्धी बाजू गेली आन ती तीन वर्षं बाजेवर पडून होती. तिचं सगळं आईनंच काढलं. म्हणून शहाऐंशी साली सेलूच्या पद्मजा डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधून सांगितलं, "रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे नव्वद आहे. गोळ्या घ्या आणि मीठ सोडा, नाहीतर तुमच्या आईसारखं होईल," तेव्हा आई तिथंच म्हणली, "सोडलं."

सोडलं म्हणजे सोडलंच. बाबांच्या कालवणात मीठ पडायच्या आधी ती आपलं एका लहान भगुण्यात काढून घ्यायची. बाबा, म्हणजे बन्सीधर, भाकरीवर मीठ-मिरची घेऊन, वर दोन फोडी लोणचं खाऊन तिला चिडवायचे, "काय हो अळणीबाई?" त्यांचा आकडा कधी मोजा, एकदम झकास. अंगाची आग व्हायची माझ्या.

सहा महिने झाले, तरी आईचा आकडा हलेना. डॉक्टरीणबाई चिडल्या. "चोरून खाता का हो?" आईचं तोंड लाल झालं. आन मी? मला तरी काय वाटलं, तेच वाटलं. घरी आल्यावर मी मेलीनं सरळ विचारलं, "आई, खरं सांग, कुठं खातीस?" ती माझ्याशी दोन दिवस बोलली न्हाई. त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी तिनं गाठोडं बांधलं आन म्हणली, "चल." विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं एसटी बंद होती. तिनं बैलगाडी जुंपायला लावली. दवाखान्यात टेबलावर गाठोडं सोडलं. भाकरी, पिठलं, कारळाची चटणी. "आठवडाभर मी खाते ते हे. शोधा मीठ."

डॉक्टरीणबाईंनी चटणी जिभेवर ठेवली आन थांबल्या. "यात काय घातलंय?"

"सैंधव. अळणी घास उतरंना, म्हणून जरा घालते सगळ्यात. ते मीठ न्हाई, उपासाचं हाय."

"अहो तानुबाई, तेही मीठच!"

हसू नका. उपासाला मीठ चालत न्हाई अन् सैंधव चालतं, मग ते मीठ कसं असंल? मी शाळेत पोरांना विज्ञान शिकवायचे, रोज तिच्या हातात सैंधवाची डबी बघायचे, आन मलाही कधी खटकलं न्हाई.

आई भडकली. "मग आमच्या घरधन्यांना का काई होत न्हाई? ते तर मिठातच बुडालेत!"

"त्यांचा गुर्दा, म्हणजे किडनी, मीठ बाहेर टाकतो, तुमचा धरून ठेवतो. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही."

ते मी लय वर्षांनी वाचलं. गुर्द्यात एक प्रथिन तयार होतं म्हणे. काहींच्यात ते जन्मतःच जास्त असतं, आन मग लघवीवाटे जायचं मीठ गुर्दा परत आत ओढतो. मीठ राहिलं की पाणी राहतं, आन आकडा चढतो. आईचा गुर्दा तसलाच असणार. पण त्या दिवशी आईनं वेगळंच विचारलं. "हे मला आईकडून आलं का?"

"बहुतेक."

आईनं माझ्याकडं बघितलं. "मग हिचं मोजा."

मी हसले. सव्वीस वर्षांची धडधाकट बाई मी! डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला, परत बांधला, तिसऱ्यांदा बांधला. एकशे साठ.

डोळ्यापुढं आजीची बाज आली. आईनं माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

"रडायचं न्हाई," म्हणली. "आजपासून सैंधवबी बंद, आन तुझं कालवण माझ्या भगुण्यात."

आई ब्याऐंशी वर्षांची होऊन गेली, शेवटपर्यंत चालती-बोलती. मी अजून अळणीच खाते.