शेवटची लडी

टीचरचं शेवटचं सूत माझ्या घरात जळलं.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं. वर्षभरात हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

माझ्या मुलीच्या शाळेत ती हस्तव्यवसाय शिकवायची. पोरींना टकळीवर सूत काढायला लावायची. एकदा माझ्या मुलीची टकळी मोडली म्हणून तक्रार घेऊन गेले, तर मलाच खाली बसवलं आणि हातात कापसाचा पेळू दिला. म्हणाली, आधी तुम्ही काढून दाखवा.

मला जमलं नाही. चारदा तुटलं.

"सासूवरचा राग टकळीवर काढू नका. सूत तुटतं."

सासूवर राग आहे हे तिला कसं कळलं, देव जाणे.

तिथून आमची मैत्री. माझी मुलगी कॉलेजात गेली तरी मी तिला टीचरच म्हणायचे. 'अहो टीचर'चं 'ए टीचर' व्हायला मात्र दोन वर्षं लागली.

दर गुरुवारी तिच्या ओट्यावर आम्ही पाचजणी जमायचो. कुणी बोळिंजहून, कुणी पार तुळिंजहून रिक्षा बदलत यायचं. समोर केळीची वाडी, बाजूला विहीर, आणि घामाघूम होऊन स्वेटर विणणाऱ्या आम्ही. तिचा नवरा म्हणायचा, वसईत बर्फ पडला की या पाच बायकाच तेवढ्या वाचतील.

टीचर कातायची, मी विणायचे. तिला सुयांचा कंटाळा आणि मला चरख्याचा. सूत झालं की ती आधी ओठांवरून फिरवून बघायची. बोटं खोटं बोलतात, ओठ नाही, असं तिचं म्हणणं.

मग तिला कॅन्सर झाला.

त्याच सुमारास लवीनाला दिवस गेले. लवीना तिची एकुलती एक.

टीचरने ठरवलं, नातवंडाच्या बाप्तिस्म्याची शाल तिच्या सुताची आणि माझ्या हातची. बाळाला बघायला मिळेल की नाही, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. पण तिने विचारलंही नव्हतं.

केमोने तिची बोटं बधिर झाली. तरी ती कातत राहिली.

शाल पूर्ण होत आली. फक्त किनार राहिली. लवीना पोट सांभाळत एक लडी घेऊन आली. "मम्मीने दिलीये. किनारीसाठी."

लवीना परत गेल्यावर मी लडी उलगडली. कुठे दोऱ्यासारखं बारीक, कुठे वातीसारखं जाड. हातभर अंतरावर गाठी.

मला रडू आलं. आणि मग मी जे केलं ते प्रेमानेच केलं, असं मी वर्षभर स्वतःला सांगतेय.

विरारच्या बाजारातून त्याच रंगाचं तयार सूत आणलं आणि किनार विणली. सुंदर, एकसारखी. म्हटलं, बाळाच्या शालीला डाग नको.

लडी टेबलावर पडून होती. सासूबाईंचा चातुर्मासाचा लाख वातींचा नेम चालू होता. त्यांनी विचारलं, हे लागणारे का गं तुला?

मी म्हटलं, नको. घ्या.

दहा-बारा दिवसांनी शाल घेऊन टीचरकडे गेले. ती पलंगावरच होती. बोटांना काही कळत नव्हतं, म्हणून तिने शाल ओठांवरून फिरवली. हळूहळू, एका टोकापासून.

किनारीपाशी थांबली.

"हे माझं नाही, वृंदा."

मी शाल तिच्या हातातून घेऊ लागले.

"माझं सूत गाठीगाठीचं आहे. ठाऊक आहे मला. तेच लाव. लवीनाला कळू दे, शेवटी हात असा झाला होता."

मी म्हटलं, उद्या आणते.

घरी आले. सासूबाईंनी सगळ्या लडीच्या वाती वळल्या होत्या. रोज लावतही होत्या. एकच जुडी उरली होती, तुपात भिजलेली.

त्यांचा काय दोष? मीच 'घ्या' म्हटलं होतं.

त्या वाती साबणाने धुतल्या. पीळ सोडवला. बोट बोटभर तुकडे. त्यांची किनार काय होणार?

मग टकळी घेऊन बसले. म्हटलं, मीच काढते तिच्यासारखं. जाड-बारीक, गाठीचं. दोन दिवस बसले. एक तर तुटायचं, नाही तर सरळ यायचं.

तिच्याचकडे शिकले होते ना.

तिसऱ्या दिवशी सकाळी लवीनाच्या नवऱ्याचा फोन आला. टीचर गेली.

बाप्तिस्म्याला चर्चमध्ये ती शाल, बाजारच्या सुताच्या किनारीसकट, हातोहात फिरली. लवीना सगळ्यांना किनार दाखवत होती. "बघा, मम्मीचा हात शेवटपर्यंत हलला नाही."

मी मान डोलावली.

लवीना, तू हे वाचशील. तुला फोन करायचं धाडस नाही म्हणून इथे लिहितेय, सगळ्यांदेखत, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

तिचा हात हलला होता गं. खूप हलला होता. तरी ती कातत होती. ते तुला कळावं, एवढंच तिने माझ्याकडे मागितलं होतं.

ते तुकडे माझ्याकडे आहेत, एका डबीत. अजून तुपाचा वास येतो.

तुला वाटलं तर शाल घेऊन ये. किनार उसवू. जिथे तिचं सूत संपतं, तिथेच शाल संपू दे.

नाही आलीस तरी मी समजेन.

टीचर, उद्या आणते म्हणाले होते.

नाही आणलं.