तेरावर पटलेला सौदा

हिंगण्याच्या एका कारखान्यातल्या फिटरने मला फसवले. पायरी चढताना त्याच्या छातीत कळ यायची आणि तो मला येत नाही म्हणून सांगायचा. तीन आठवडे सांगत होता. पुढे कित्येक वर्षे मी ही हकिकत एवढीच सांगत आलो. पण फसवणारा तो एकटा नव्हता.

आणीबाणी उठून दोनेक वर्षे झाली होती. नागपूरला विद्यापीठात शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर वर्गाला नवा विषय निघाला, व्यायामाचे शरीरशास्त्र. तोपर्यंत आमच्यातला जो तो पास होऊन शाळेत ड्रिल मास्तर व्हायचा. आमचे विभागप्रमुख, आम्ही त्यांना नुसते सर म्हणायचो, परदेशी नियतकालिके मागवून वाचत. ते म्हणत, हृदयाचा झटका येऊन गेलेल्या माणसाला खाटेवर निजवून ठेवण्याचे दिवस संपले. त्याला मोजून चालवले पाहिजे, मोजून चढवले पाहिजे, आणि हे मोजणारा माणूस डॉक्टरही नसेल आणि ड्रिल मास्तरही नसेल. मला तो माणूस व्हायचे होते.

विषयाला जागा पाच होत्या आणि यादीत मी सहावा. आई सावनेरच्या आठवडी बाजारात भाजी विकायची. घासाघीस मी तिच्याकडून शिकलो. नागपुरात पहाटे लिलावातून भाजी उचलून खानावळवाल्याला द्यायची आणि त्या बदल्यात दोन वेळ जेवायचे, असे मी माझे मीच ठरवून घेतले होते. आडत्यांशी भांडल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे. सरांच्या दारातही मी तसाच बसलो. त्यांच्याकडे यंत्र होते, पुस्तके होती, पण रुग्ण नव्हते. धडधाकट विद्यार्थ्यांवर किती दिवस प्रयोग करणार? मी म्हटले, सहावी जागा द्या, रुग्ण मी आणतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी मान डोलावली.

रुग्ण आणायचे कसे, तेही सरांनीच सांगितले. हिंगण्याला कंपन्यांच्या बस थांबतात तिथे उभे राहायचे. झटका येऊन घरी बसलेला कोणी ओळखीत आहे का, ते विचारायचे. आणि सांगायचे, की बारा आठवडे न चुकता येईल त्याला कामावर जाण्यास योग्य असल्याचे विभागाचे पत्र मिळेल. त्या पत्राच्या जोरावर मी चार माणसे आणली. फिटर त्यातला चौथा.

वय पंचेचाळीसच्या आत, अंगाने वाळका, जिभेचा तिखट. पाच महिने घरी बसून होता. त्याच्या जागेवर कंपनीने दुसरा माणूस बसवला होता, पण नाव अजून काढले नव्हते. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारले, "पत्रावर शिक्का राहते ना, मास्तर?" मी म्हटले, राहते.

व्यायामशाळेमागच्या सामानाच्या पत्र्याच्या खोलीत आमचे काम चाले. वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेली जागच्या जागी चालणारी सायकल, लाकडाची एक पायरी, स्टॉपवॉच, आणि भिंतीवर पुठ्ठ्याचा तक्ता. तक्त्यावर सहा ते वीस आकडे होते. सहा म्हणजे स्वस्थ बसल्यासारखे, वीस म्हणजे आता जीव जातो. आकड्यांपुढचे मराठी शब्द मीच लिहिले होते: अगदी हलके, जरा जड, जड, फार जड. रुग्णाने पायरी चढता चढता आपल्याला किती जड जाते तो आकडा सांगायचा. तेरापर्यंत चालू ठेवायचे, पंधरा म्हटले की थांबवायचे. छातीत दुखले तर त्या दिवसाचे काम बंद, आणि वेळापत्रक एक आठवडा मागे.

सरांनी एक गोष्ट वर्गात तीनदा सांगितली होती. हृदयाच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेणाऱ्याची नाडी श्रमानेही फारशी चढत नाही. तेव्हा अशा माणसाची नाडी मोजून निश्चिंत होऊ नका, त्याच्या तोंडचा आकडा ऐका. फिटर त्या गोळ्या घ्यायचा.

पहिले पाच आठवडे सायकलवर सुरळीत गेले. सहाव्या आठवड्यात पायरी आली. त्याला धाप लागली, ओठ पांढुरके दिसले. मी विचारले, कितीचे वाटते?

"तुम्ही किती लावता?" तो म्हणाला.

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. आपल्या गावचे कोणी भेटावे तसे मला झाले. त्या दिवसापासून रोज आमचे चालू झाले.

"पंधरा दिसून राहिलं, भाऊ," मी म्हणायचो.

"पंधरा? दहाच्या वर एक नाही देत मी."

"कपाळावरचा घाम पाहा."

"तो पत्र्याखालचा आहे. चला, बारा."

"चौदा."

"तुमचं नाही, माझं नाही. तेरा लिहा."

मी तेरा लिहायचो. दुखते का म्हणून विचारायचो, तो नाही म्हणायचा, मी नाही लिहायचो. तेरा म्हणजे परवानगी, म्हणून दर दोन दिवसांनी मी पायरीची मिनिटे वाढवत गेलो. संध्याकाळी सर नोंदवहीतल्या पानाखाली सही करत. एकदा पान उलटत म्हणाले, याची प्रगती किती एकसारखी आहे. मला अभिमान वाटला.

आज वाटते, माझी नजर खरी होती. मला पंधरा दिसत होते. सरांनी शिकवलेला डोळा होता तो, आणि मी त्यातून रोज दोन आकडे कापून देत होतो. मंडईत भाव कापला तर कांद्याला काही होत नाही. माणसाच्या श्रमाचा आकडा दोघांच्या मध्ये कुठेतरी नसतो, तो त्याच्या छातीत असतो, एवढी साधी गोष्ट मला कळली नाही.

नवव्या आठवड्यात, सकाळी साडेदहाला, तो चढता चढता पायरीवरच बसला. मी अजून काही विचारले नव्हते. जबड्याला हात लावून तो म्हणाला, "तेरा." मग एका अंगावर कलंडला.

रस्त्यावरची जीप थांबवून आम्ही त्याला दवाखान्यात नेले. दुसरा झटका होता. तो वाचला. तिसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेलो तो भांडायलाच. माझा स्वभाव तसा आहे, भीती वाटली की मी ओरडतो. खाटेशी त्याची बायको बसली होती. मी तिच्यादेखत त्याला म्हटले, "काहून खोटं बोलले? रोज विचारत होतो ना मी?"

बायकोच म्हणाली, "रोज घरी आले का मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकून देत होतो मी. मले म्हणे, मास्तरले सांगू नको, हप्ता मागं जाते."

"खोटं कुठं, मास्तर," तो हळूच म्हणाला. "तुम्ही चौदा म्हटलं, मी बारा. पटलं होतं ना आपलं."

मी निघताना त्याने माझा हात धरला आणि विचारले, "नऊ हप्ते झाले. पत्र भेटीन का आता?"

मी पाहतो म्हणालो. बाहेर येईपर्यंत माझे ठरलेही होते. बारा नाही तर नऊ आठवड्यांचे पत्र द्या, हलक्या कामासाठी योग्य असे लिहून द्या. सर नाही म्हणाले तर कुठवर खाली यायचे, तेही मनात ठरले होते.

सरांपुढे नोंदवही उघडी होती. त्यांनी पानावर बोट ठेवून दाखवले. वेदना: नाही. वेदना: नाही. खाली तेरा. "तू वाचलास," ते म्हणाले. "त्यानं तुला फसवलं." हे वाक्य त्यांचे आहे. मी ते घेतले आणि वर्षानुवर्षे वापरले.

मग मी पत्राचे काढले. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. अगदी मायेने म्हणाले, "अरे, त्या पत्राला कोण विचारतो? कंपनी तिच्या डॉक्टरचंच ऐकते. लोक मध्येच सोडून जाऊ नयेत म्हणून मी तसं सांगायचो."

मी काकडीसुद्धा चावून पाहिल्याशिवाय घेत नसे. त्या पत्राबद्दल मी नऊ आठवड्यांत एकदाही विचारले नव्हते, की हे कोण मानतो? मला सहावी जागा मिळाली होती, आणि मिळालेल्या वस्तूत खोट शोधत नाहीत. ज्या कागदाला किंमत नव्हती तो मी बसथांब्यावर उभा राहून विकला, आणि एका माणसाने त्यासाठी आपले दुखणे दडवले.

तेव्हा मी सरांवर ओरडायला हवे होते. ओरडलो नाही. परीक्षा दोन महिन्यांवर होती आणि परीक्षक तेच होते. मी नोंदवही उचलून खोलीत नेली. प्रबंधात ते सगळे तेरा जसेच्या तसे गेले. मला त्या विषयात वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. वॉर्डात मी परत गेलो नाही. कंपनीने त्याचे नाव काढले, हे मला त्याच बसथांब्यावर कळले. पुढे दोन वर्षांनी तो गेला, तेही तिथेच कळले.

आता मी हेच काम करतो. एका इस्पितळात माझी खोली आहे, तक्ता आहे. मी कोणाला आकडा तोंडाने विचारत नाही. रुग्णाने पुठ्ठ्यावर बोट ठेवायचे, मी तेवढेच लिहायचे, आणि माझ्या तोंडून त्याआधी एकही आकडा निघता कामा नये. नवीन मुलांना हे मी फार कडकपणे शिकवतो. का, ते सांगत नाही.

सर, तुम्ही निवृत्त होऊन नागपुरातच आहात आणि मी हे लिहून तुम्हालाच पाठवणार आहे. माझा वाटा मी वर लिहिला, त्यातून काही कमी करा असे मी म्हणत नाही. पण पत्र तुमचे होते. नोंदवहीच्या प्रत्येक पानावर माझ्या अक्षराखाली तुमची सही आहे. गोळ्या घेणाऱ्याच्या तोंडचा आकडा ऐका म्हणून आम्हाला शिकवणारे तुम्ही. तीन आठवडे रोज एकच आकडा पाहून तुम्हाला शंका कशी आली नाही? आली असेल, तर सही का केलीत? त्याची बायको अजून हिंगण्याला त्यांच्या जुन्याच चाळीत राहते. नवऱ्याने दुखणे दडवले म्हणून पत्र हातचे गेले, असेच ती अजून सांगते, हे मला ओळखीच्यांकडून कळते. तिच्यापुढे बसून, असे पत्र मुळात नव्हतेच, हे तुम्ही तुमच्या तोंडाने सांगायचे. मी बरोबर येतो. कधी निघायचे ते कळवा.