एका ताटाची वाट

दोह्यात नजमा भागातल्या आमच्या खोलीत सहा जण राहतो आणि तोंडं चालतात पाच जणांची. सहावा हरिदास, भूमकडचा, दुधाच्या ट्रकवर ड्रायव्हर. काहीही सांगा, 'बरं' म्हणतो. लग्नात भटजीलाही हेच म्हणाला असणार, मी पैजेवर सांगतो.

सतरा सालच्या जूनपर्यंत तो सौदीतून दूध आणायचा. वाटेत तिकडच्या हुफूफला त्याचा थोरला भाऊ शहाजी गॅरेजात कामाला. दर शुक्रवारी दोघं तिथल्या एका हॉटेलात एका ताटात जेवायचे. मेमधल्या शेवटच्या शुक्रवारी मात्र भांडले. गावी आई फुलाबाई एकटी, दोघांपैकी कुणीतरी कायमचं परत जायला हवं होतं.

"तू जा."

"दादा, तुमी जावा. थोरले तुमी."

अर्धं ताट टाकून उठले. दुसऱ्या दिवशी रमजान लागला, दुपारची हॉटेलं बंद. ईदनंतर मिटवू, असं दोघांच्याही मनात. कारण त्यांच्या घरात एका ताटात जेवल्याशिवाय भांडण मिटलं असं धरतच नाहीत. आणि ईदच्या आधीच सौदीनं कतारशी संबंध तोडले, सीमेवरचा नाका बंद केला.

मी त्याला चिडवायचो, "दोहा-रियाध बोलत नाहीत, तू-शहाजी बोलत नाही. त्यांचा मध्यस्थ कुवेत, तुमचा मी. आता तरी फोन कर."

"फोनवर जेवता येतं का, काका?"

इथं विमानानं गाई आल्या, दूध इथंच निघू लागलं. हरिदासचा ट्रक उत्तरेकडच्या फार्मवर जाऊ लागला. दोघं भाऊ सुट्ट्या आधीपासूनच वाटून घ्यायचे, म्हणजे आईजवळ आलटून पालटून कुणीतरी असावं. त्यामुळे गावीही गाठ नाही.

वीस सालच्या मेमध्ये फुलाबाई गेली. कोरोनानं विमानं बंद होती. चुलतभावानं अंत्यविधीचा व्हिडिओ कॉल लावला. हरिदासनं शेवटपर्यंत पाहिलं, फोन चार्जिंगला लावला आणि ड्युटीवर गेला.

पुढच्या जानेवारीत नाका उघडला. दोन्ही देशांच्या मोठ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मी फोटो दाखवले.

"बरं," हरिदास म्हणाला. आता तिकडून दूध आणायचं नव्हतं, मग जायचं कशाला?

शेवटी दोन वर्षांनी शहाजीच व्हिजिट व्हिसा काढून बसनं आला. केस सगळे पिकलेले. शुक्रवार होता. हरिदासनं मटणाचा रस्सा केला, खबूसच्या रोट्या आणल्या, एकच ताट मांडलं. मी कोपऱ्यात पेपर उघडून बसलो. वाचत नव्हतो, हे सांगायला नकोच.

दोघं जेवायला बसले.

"तवा ईद झाल्यावर सांगणार हुतो," शहाजी म्हणाला, "की मीच जातो."

हरिदास हाड चोखत होता. ते त्यानं ताटाच्या कडेला ठेवलं.

"मी बी."

शहाजीनं रोटीचा तुकडा मोडला.

"सुट्टी कधी तुझी?"

"जूनमधी."

"जाणार?"

"कुठं, दादा?"

दोघांनी ताट पुसून खाल्लं, अर्धं टाकलं नाही. हरिदासनं ते धुतलं, पालथं घातलं.

"मिटलं का रे?" मी विचारलं.

"मिटलं," तो म्हणाला. "चहा ठेवू का, काका?"

मी म्हणालो, "बरं."