खाकऱ्यावरचा नमुना

घाटकोपरच्या त्या लेझर कटिंगवाल्याचे नाव मी कधी विचारले नाही. अॅक्रिलिक महाग, म्हणून तो प्रत्येक कामाचा नमुना आधी खाकऱ्यावर कोरी आणि गिऱ्हाइकाने पसंत केल्यावर खाऊन टाकी.

कचेरीबाहेर माझ्या शेजारी एक नवा अर्जलेखक बसू लागला होता. त्याच्या चकचकीत पाटीमुळे माझे पक्षकार तिकडे वळत होते. सबब मी माझ्या पाटीचा मजकूर लेझरवाल्याकडे सादर केला: 'अर्ज लिहून मिळतील. ज्येष्ठ अर्जतज्ज्ञ, निवेदन-विशारद, तक्रारमहर्षी.'

"काका, याला दोन खाकरे लागतील."

त्याने दोन्ही कोरले. बिरुदांचा खाकरा उजेडात धरून हुंगला.

"एका खाकऱ्यात मावत नाही ना, ते रस्त्यावर कोण वाचणार?" असे म्हणून त्याने 'तक्रारमहर्षी' कडाकडा चावले. मी लेखी हरकतीसाठी कागद काढीपर्यंत 'विशारद'ही गेले.

"अहो, मी पसंती दिलेली नाही!"

"सकाळपासून उपाशी आहे, काका. मेथीचा आहे, घ्या ना तुम्हीपण."

उरलेल्या खाकऱ्याप्रमाणे पाटी झाली: 'अर्ज लिहून मिळतील.' पक्षकार आता थेट माझ्याकडे येतात. बिरुदांचे मला दुःख नाही. त्यापूर्वी ती इतक्या चवीने कोणीच स्वीकारली नव्हती.